कुंभाराचा अंगठा

पूर्वी प्रतिष्ठान नगरात धनुसेन राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्माला आला आणि पुढे स्वतःही वैद्य झाला.

त्याच नगरात उत्तिय नावाचा कुंभार होता. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यात वीज चमकावी तशी कळ यायची. कुणा वैद्यानं कानशिलाजवळची नस डागली. कळ गेली, पण गाल कायमचा बधिर झाला. मग नाकपुडीच्या कडेला जखम झाली, ती काही केल्या भरेना. बायको, चंदिका, रोज लेप लावायची.

"तूच काहीतरी कालवतेस त्यात," उत्तिय म्हणाला. "सकाळी बरी दिसते, संध्याकाळी रक्त!"

"हो ना, मला हौसच आहे नकट्या नवऱ्याची!"

पण रोज तेच. शेवटी ती रडत माहेरी गेली. ती गेल्यावरही जखम वाढतच राहिली, तेव्हा तो बोधिसत्त्वाकडे आला.

"एकदम भारीतला लेप द्या, वैद्यराज. मागाल ते देतो!"

लेप देऊन मोकळं होणं सोपं होतं. पण बोधिसत्त्वाला जखमेत ओली माती दिसली. "चल, तुझ्या चाकापाशी बसू," तो म्हणाला.

उत्तिय मडकं घडवू लागला. काठाला खडा लागला की अंगठ्याच्या नखानं टिपायचा. चाकावरून हात उचलला की तोच अंगठा नाकपुडीच्या काठावर जायचा. तिथली खपली खड्यासारखी लागायची, मग तीही टिपायचा. दुखतच नव्हतं, तर कळणार कसं?

बोधिसत्त्वानं त्याचा हात वरच्या वर धरला. नखाखाली रक्त होतं.

"तिथे मुंग्या चालल्यासारखं होतं का रे?"

"होतं. मला वाटायचं, औषध काम करतंय." उत्तिय नखाकडे बघत राहिला. "म्हणजे मीच? आणि मी तिला..."

बोधिसत्त्वानं जखम धुऊन पट्टी बांधली, झोपताना हातांना कापडी पिशव्या घालायला लावल्या. औषध कमी, राखण जास्त. जखम हळूहळू भरली. झिजून गेलेला नाकपुडीचा काठ मात्र परत आला नाही.

उत्तिय सासुरवाडीला गेला. "चुकलो गं," म्हणाला आणि डोळे मिटून उभा राहिला. चंदिकानं त्याच्या त्या बधिर गालावर हात ठेवला. उत्तियला कळलंच नाही. थोड्या वेळानं तिनं हात काढून घेतला. तेही कळलं नाही.

ही गतजन्मीची गोष्ट सांगून विहारातले गुरू समोरच्या भिक्खूला म्हणाले, "आज सोबत्यावर आळ घेणारा तू, तेव्हा उत्तिय होतास. काल विहार सोडून गेलेला तुझा सोबती, ती चंदिका. वैद्य मी होतो. तेव्हाही तू माझ्याकडे उशिराच आलास. त्या जन्मी मी साधली ती प्रज्ञा, औषध देण्याआधी नीट बघण्याची."