आवडाईचा उपळा

चपला इथंच काढा, पाहुणे मंडळी. पुढं देवराई लागते. त्या कातळाखाली ओल दिसते ना, तोच आवडाईचा उपळा, आमचा पाण्याचा झरा. शेजारी कळशी धरून बसलीय ती माझी सून, सुनंदा. तिला हाक मारू नका. कळशी भरेपर्यंत तिनं बोलायचं नसतं, पाणीही प्यायचं नसतं.

असं सांगतात, आमचा मूळपुरुष भागोजी गावकर. त्यानं कोळशाच्या भट्ट्यांसाठी ही अख्खी राई आडवी केली. मेल्याला कुणी अडवलं नाही, कारण भट्ट्या घरोघरी लागल्या होत्या. तीन वर्षांत उपळा आटला. आधी गुरं मेली, मग पोरं. तेव्हा भागोजीची थोरली सून आवडाई कळशी घेऊन इथं बसली. "ही भरल्याशिवाय घोट घेणार नाही," म्हणाली. चौथ्या दिवशी ती गेली म्हणे. गावानं तिच्या मढ्यावर हात ठेवून शपथ घेतली, की राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. सरणालाही नाही. राई पुन्हा वाढली आणि नातवंडांच्या काळात पाणी परत आलं.

तेव्हापासून चैत्री पुनवेला आमच्या घरची थोरली सून इथं बसते. माझी आई बसायची तेव्हा पान चघळून होईस्तोवर कळशी भरायची. माझ्या बायकोच्या वेळी एक घटका लागायची.

शपथ आम्ही मोडली नाही हो, देवाशप्पथ! पण पाऊसच बिथरलाय. पूर्वी चार महिने रिपरिप पडायचा, पाचोळ्यातून मुरायचा. आता महिनाभर दडी मारतो आणि चार दिवसांत सगळा ओततो, माती घेऊन नदीला जातो. फाल्गुनातच वैशाखाचं ऊन. उभी झाडं शेंड्याकडून वाळतायत. भट्ट्या असत्या तर जाऊन विझवल्या असत्या. आता कुणाचे हात धरायचे, सांगा!

आजही प्रथा चालू आहे. सुनंदा काल पहाटे बसली. थेंब पडतो तो कळशीच्या तापलेल्या तांब्यावर सुकून जातो. गाव खाली देवळात बसून आहे, पण तिला 'ऊठ' म्हणायची कुणाची छाती नाही. माझीही झाली नाही. मघाशी तिची मान कलली, तरी मी तुम्हाला गोष्ट सांगत बसलो. थू माझ्या जिनगानीवर!

ओ ताई, तुमच्या पिशवीत पाण्याची बाटली असेल ना? द्या इकडं. गाव वाळीत टाकील, टाकू दे. एक सून या कातळाला दिली, तेवढी पुरे झाली.

सुनंदा, बाय माझी, तोंड उघड.