कोंडीबुवांचा काळा पडदा

"सगळं पुसून टाकू का, बुवा?"

पुष्करने हे विचारलं तेव्हा कोंडीबुवा जेवून पडवीत बसले होते आणि अडकित्त्याने सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"काय पुसून टाकतोस?"

"लॅपटॉपमधलं. सगळं."

मी शेजारीच तूरडाळ निवडत होतो. माझा हात सुपातच राहिला.

"सगळं म्हणजे?"

"तुम्ही लिहिलेलं... सगळंच."

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

धक्का बसण्यासारखंच होतं ते. बुवांना बावीस वर्षांपासून दिसत नाही. काचबिंदूने डोळे गेले. तेव्हा ते रडले नाहीत असं लोक कौतुकाने सांगतात. मी तिथे होतो. चांगले रडले होते.

पुढे एका भक्ताने त्यांना बोलणारा लॅपटॉप आणून दिला. बोटाखाली आलेलं अक्षर तो कानात वाचून दाखवायचा. त्यावर बुवा नऊ वर्षं रोज पहाटे दोन तास लिहीत आले. स्वतःचं नव्हे. त्यांच्या गुरूंचं, थोरल्या बुवांचं बोलणं.

थोरल्या बुवांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. ते जे तीस वर्षं बोलले ते एकट्या कोंडीबुवांच्या डोक्यात होतं, आणि आता कोंडीबुवांचं वय ऐंशीच्या पुढे. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी आठवत नाही. लॅपटॉपमध्ये उतरलं तेवढंच उरलं होतं. त्याची दुसरी प्रत नव्हती. प्रत काढून ठेवू या, असं मीच वर्षभर म्हणत होतो आणि मीच विसरत होतो.

आणि हा पुष्कर.

पुण्याचा इंजिनिअर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणारे प्रोग्राम लिहायचा, म्हणजे पडदा हाच त्याचा धंदा. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून शांती शोधायला आमच्या मठात आला आणि तेव्हापासून आमची शांती गेली. पाण्याची टाकी चुकीच्या जागी आहे. आमटीत मीठ मोजून घाला. आरतीत झांज अर्धी मात्रा मागे राहते. बरं, सांगायचा ते बहुतेक वेळा खरं निघायचं, त्यामुळे राग दुप्पट यायचा.

एकदा मी वैतागून बुवांना म्हणालो होतो, "घरी पाठवा याला. मला तर याच्यात काही दिसत नाही."

"मलाही नाही दिसत, येसाजी," बुवा म्हणाले होते आणि जपाला बसले होते.

मंगळवारी पुष्करने बुवांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. जुनी सिस्टीम थकली आहे, ही नवी हलकी आहे, फुकट आहे, वाऱ्यासारखी पळेल, असं बरंच सांगितलं. बुवा "बरं" म्हणाले. लिखाण जागच्या जागी ठेवून त्याने नवी सिस्टीम बसवली. बोलणारा आवाजही बसवला. बुवांना बसवून कुठलं बटण कुठे ते एकदा समजावलं आणि निवांत मनाने तळ्यावर आंघोळीला गेला.

परत येऊन चालू करतो, तर पडदा काळा.

आधी कंपनीचं नाव झळकायचं. मग ठार काळोख.

त्या दुपारी मी त्याचा चेहरा पाहिला. माणसाच्या अंगावर कुणी गार पाण्याची घागर ओतावी तसा उभा होता.

"येसाजीकाका, बुवांना बोलू नका," तो म्हणाला. "मी करतो दुरुस्त. माझंच काम आहे हे."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. रोज दुपारी तो कोठीत लॅपटॉप घेऊन बसायचा. काळ्या पडद्याकडे बघत आंधळेपणाने काय काय टाइप करायचा. टेकडीवर जाऊन रेंज पकडून मित्रांना फोन करायचा. ज्या पेनड्राइव्हवरून त्याने लिनक्स टाकलं तो आणणारा मित्र मंगळवारीच तो घेऊन परत गेला होता. जोडून बघायला मठात दुसरा पडदा नाही, टीव्हीसुद्धा नाही. संध्याकाळ झाली की तो लॅपटॉप गुपचूप बुवांच्या चौरंगावर नेऊन ठेवायचा, जसा होता तसा.

शेवटी तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, घेऊन ये, सगळं पुसून पहिल्यापासून टाकून देतो, तासाभराचं काम.

आणि आज सकाळी मी एक गोष्ट पाहिली. पाहिली ती पाहिली, वर पुष्करला सांगून बसलो.

"बुवा पहाटे त्या काळ्या पडद्यापुढे बसले होते रे," मी म्हणालो. "कानात ते इअरफोन घालून. बोटं चालवत होते. मला बघवेना. उलट्या पावली परत आलो."

तो कोठीत जाऊन बसला. जेवलाही नाही.

म्हणून तो आता पडवीत उभा होता. छातीशी लॅपटॉप धरलेला, चारच्या जीपने तालुक्याला निघालेला.

"बुवा, लॅपटॉप गेला," तो म्हणाला. "माझ्या हातून गेला."

"कधी?"

"मंगळवारी."

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

बुवांनी मान थोडी तिरकी केली. ऐकू कमी आलं की करतात तशी.

"तीन दिवस मी लपवलं," पुष्करचा आवाज फुटला. "तुम्ही पहाटे बसून लिहिताय बुवा, ते... ते कुठेच जात नाहीये. तो बंद आहे. तुम्ही मेलेल्या मशीनवर लिहिताय."

आता रडला. मोठ्याने रडला. मला त्याची पहिल्यांदाच दया आली.

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"मंगळवारी मेला म्हणतोस?"

"हो."

"मग आज पहाटे माझ्याशी कोण बोललं?"

...

पुष्करचं रडणं थांबलं.

"का... काय म्हणालात?"

"नव्या आवाजाची बाई. नाकात बोलते जरा. जुनी बरी होती. पण बोलते." बुवांनी हात पुढे केला. "दे इकडं."

पुष्करने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. बुवांनी तो उघडला, चाचपून बटण दाबलं. नाव झळकलं. मग काळोख.

"बघा," पुष्कर पुटपुटला. "काळा आहे."

"असंल."

इथे एक सांगायला हवं. आमच्या मठात बुवांचं आसन, बुवांचा तांब्या आणि बुवांचे इअरफोन दुसरं कुणी वापरत नाही. आसनाची आणि तांब्याची रीत थोरल्या बुवांपासूनची. इअरफोनची आम्हीच वाढवली. त्यांची पिन ढिली झाली तेव्हा मीच ती चिकटपट्टीने लॅपटॉपला पक्की बांधली, निघून पडायला नको म्हणून. म्हणजे आवाज जायचा तो फक्त त्या दोन बोंडांतून. आणि ती कानाला लावायची पुष्करची छाती नव्हती. बाकी सगळ्यांत तो आमच्या चुका काढायचा, पण ही रीत मात्र त्याने पाळली होती.

बुवांनी वायर हाताने चाचपत बोंडापर्यंत गाठली.

"वाक खाली."

पुष्कर वाकला.

बुवांनी त्याचा कान शोधला आणि आपल्या हाताने ते बोंड त्याच्या कानात घातलं.

मी सूप खाली ठेवलं. अठ्ठावीस वर्षं मी या मठात आहे. बुवांच्या तांब्याला चुकून पाय लागला म्हणून मी एक दिवस उपाशी राहिलेला माणूस. माझ्या अंगावर काटा आला.

बुवांची बोटं बटणांवरून फिरली. दोन-तीन ठिकाणी थांबली.

पुष्करचे डोळे मोठे झाले. तोंड उघडं राहिलं.

"काय म्हणते ती?" मी विचारलं. मला राहवेना.

तो माझ्याकडे बघेना. काळ्या पडद्याकडेच बघत राहिला.

"वाचतेय," तो म्हणाला. "शुक्रवार, असं म्हणाली... आजची तारीख... थोरले बुवा म्हणायचे..."

काळ्या ठिक्कर पडद्याआड ती बाई बुवांचं पहाटेचं लिखाण वाचत होती. मंगळवारचं होतं. बुधवारचं होतं. नऊ वर्षांचं सगळं जागच्या जागी होतं.

"म्हणजे... चालूच होता?"

"बंद कधी झाला?"

"मग हा पडदा?"

"हां," बुवा म्हणाले. "त्याचा दिवा व्हय? तो मी मालवतो."

"तुम्ही?"

"बसलो की आधी तेच करतो. वरच्या ओळीतलं बटण, सात-आठदा दाबायचं. मला काय करायचाय उजेड? बॅटरी सौर पॅनेलवर भरते आपली, पुरवून वापरायची. नऊ वर्षं करतोय. मंगळवारीही केलं, तू आंघोळीला गेल्यावर."

"पण आधी कधीच असं... मी कितीदा उघडलाय तुमचा लॅपटॉप, बुवा. दिसायचं की सगळं."

बुवांनी खांदे उडवले. ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पुष्करला मात्र ठाऊक होतं. ते त्याच्या तोंडावर हळूहळू उमटताना मी पाहिलं.

"जुनी सिस्टीम विसरायची," तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. "बंद करून उघडलं की पडदा पुन्हा उजळ. नवी लक्षात ठेवते... तुम्ही जेवढा ठेवलात तेवढाच उजेड ठेवते."

बुवांनी वरच्या ओळीतलं, त्याच्या शेजारचं बटण शोधलं. एकदा दाबलं. दोनदा. तीनदा.

काळ्या पडद्यात राखाडी रेघा दिसू लागल्या. मग अक्षरं. सातव्यांदा दाबलं तेव्हा पडवीच्या सावलीत तो पडदा लख्ख उजळला आणि त्यावर बुवांचं लिखाण ओळीने उभं होतं.

मी उठून उभा राहिलो. हात जोडले गेले. कुणाला जोडले, मला आजही सांगता येणार नाही.

पुष्कर मात्र खाली बसला होता, भिंतीला टेकून. तोंड पांढरंफटक.

"मी ते बटण बघितलंच नाही," तो म्हणाला. "तीन दिवसांत एकदाही नाही. लहान पोरसुद्धा आधी तेच बघतं. मी... मी आतला दोष शोधत होतो."

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्हाला?"

"माझाच आहे ना लॅपटॉप? नऊ वर्षं मीच बसतोय त्याच्यापुढं."

पुष्करने मान खाली घातली. उत्तर त्याच्या ओठांवर होतं आणि ते बाहेर काढण्याची त्याला लाज वाटत होती. बुवांनी घाई केली नाही. सुपारी चघळत वाट पाहिली.

"वाटलं..." तो म्हणाला, "तुम्हाला दिसत नाही. पडद्याचं तुम्हाला काय विचारायचं."

"हं."

खालच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला. चार वाजले होते. पुष्करने तो ऐकला आणि बुवांच्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघितलं. मी आज सकाळी गप्प बसलो असतो, तर हा बुवांपुढे न येता थेट त्या जीपमध्ये बसला असता. आत्ता लॅपटॉप याच्या मांडीवर असता. तासाभराचं काम, म्हणाला होता दुरुस्तीवाला.

जीप थोडा वेळ थांबली आणि गेली.

"बुवा," पुष्कर म्हणाला. "मी खरंच पुसून टाकणार होतो."

"ऐकलं मी."

"थोरल्या बुवांचं सगळं बोलणं."

"का पुसून टाकत होतास?"

"काहीच दिसत नव्हतं म्हणून."

बुवांनी आता मालवायचं बटण शोधलं. सात वेळा दाबलं. अक्षरं राखाडी झाली, मग रेघा, मग पुन्हा काळोख. बोंड मात्र पुष्करच्या कानात तसंच होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती बाई अजून वाचतेच आहे.

मग बुवांनी हात लांब केला. पुष्करचं डोकं सापडेपर्यंत हवेत चाचपत राहिले. सापडलं. त्यावर हात ठेवला.

"दोन वर्षं झाली तुला इथं येऊन," बुवा म्हणाले. "एक दिवससुद्धा तू मला दिसला नाहीस. मी पुसून टाकलं का तुला?"