दोन दिवसांची सप्तमी

ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्या गावाचे नाव सांगणारा आता कुणी उरलेला नाही. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी जास्त ऐकावी.

एका टेकडीच्या पायथ्याशी पंधरा घरांचे गाव होते. गावाने देवाकडे दीर्घ आयुष्य मागितले होते. ते मिळाले. एक वैद्य आला, त्याने तापाची साथ मोडली, आणि साठीला जाणारी माणसे ऐंशीला पोचू लागली. त्याच सुमारास राजाने दूर समुद्रकाठी बंदर बांधायला काढले. तरणी माणसे तिकडे गेली. काही परत आली. पुष्कळशी आली नाहीत.

गावात म्हातारे वाढले आणि हात कमी झाले.

गावाची एक रीत होती. ज्या म्हाताऱ्याचे करणारे घरात कुणी नाही, त्याला तिथीप्रमाणे घरे लावून द्यायची. पंधरवड्याच्या तिथी पंधरा, गावाची घरे पंधरा. प्रतिपदा एकाची, द्वितीया दुसऱ्याची. ज्याची तिथी असेल त्याने त्या दिवशी अन्नपाणी पोचवायचे, अंथरुणावर असेल त्याची कूस बदलायची, दोन शब्द बोलायचे. पूर्वी असा म्हातारा गावात एखादाच असे. आता नऊ झाले होते.

तिथी आणि दिवस नेहमी जुळत नाहीत. कधी एखादी तिथी गळते. कधी एकच तिथी लागोपाठ दोन दिवस येते. पूर्वी अशा जादा दिवशी त्या तिथीच्या आणि पुढच्या तिथीच्या, दोन्ही घरांतून ताट येई आणि म्हातारा कुरकुरे, "मला काय म्हैस समजलात?" कुणाला त्याचे काही वाटत नसे.

चैत्रात पारावर बैठक बसली. लोक थकले होते. थकलेली माणसे चिडतात, तशी चिडलीही होती. "मी गेल्या खेपेला दोन दिवस केलं," असे एक जण म्हणाला. "माझ्या घरात माझेच दोन पडून आहेत," असे दुसरा म्हणाला. शेवटी ठरले: एक घर, एक तिथी, एक दिवस. त्याहून जास्त कुणी कुणाकडे मागू नये.

बैठकीत एक मेंढपाळ होता. तो म्हणाला, "हात कमी पडतायत, तर हात आणा. पलीकडच्या वाडीत एक बाई आहे, धडधाकट. घरटी महिन्याला अर्धी पायली धान्य द्या. ती नऊही जणांचं रोज करील."

मुखिया हसला. "अरे बाबा, पंचांग फुकट आहे. बाईला धान्य लागेल."

सगळे हसले. मेंढपाळ काठी उचलून गेला.

गावाच्या अगदी कडेला, शेवटच्या झोपडीत दोन जावा राहत. दोघी विधवा, दोघी ऐंशीच्या पुढच्या. थोरलीला उठता येत नव्हते. धाकटीला दिसत नव्हते. दोघींचे मुलगे बंदरावर होते. "गाव करतं ना," असे ते तिथे सांगत.

थोरलीने गावावर काही उपकार केलेले नव्हते. तिची जीभ तिखट होती आणि हात आखडता होता. हे मुद्दाम सांगतो आहे. पुण्यवान म्हाताऱ्यासाठी कुणीही रडतो.

दोघी दिवसभर भांडत.

"आज भाकरीला चव नाही. तुझ्या हाताची चवच गेली," थोरली म्हणे.

"भाकरी लोकांघरची आहे, जाऊबाई. माझा हात ती फक्त तुमच्या तोंडापर्यंत नेतो. बडबड थांबवा, नाहीतर नाकात जाईल."

मग थोरली हसे. तिला हसताना खोकला येई. धाकटी तिची पाठ चोळे.

वैशाख आला. सप्तमीचे घर सुताराचे. सुतार बंदरावर नावा बांधत होता. घरी त्याची बायको, आणि अंथरुणाला खिळलेले सासू-सासरे. सप्तमीला सुतारीण पहाटेच आली. तिने भाकरी ठेवली, घागर भरली, थोरलीची कूस बदलली आणि पुढच्या दाराकडे पळाली.

ऊन असे होते की संध्याकाळपर्यंत घागर तळाला गेली. "उद्या अष्टमी," धाकटी म्हणाली. "तेली येईल."

दुसऱ्या दिवशी कुणी आले नाही. धाकटी उंबऱ्यात बसून कानोसा घेत राहिली. ऊन तिच्या पायांवरून गुडघ्यांवर आले.

"तेली मेला की काय?" थोरलीने विचारले.

"मेला असता तर रडणं ऐकू आलं असतं."

दुपारी थोरलीचे ओठ चिकटू लागले. घागरीत दोन घोट उरले होते. धाकटीने ते तिला पाजले. स्वतः काही घेतले नाही.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

"कुठं? मागायला? आपल्याला तिथी लावून दिल्यात. भीक नाही घातलेली. जायचं नाही."

धाकटी उठली. काठी घेतली आणि कुंपणाच्या आधाराने निघाली.

तेल्याचा घाणा करकरत होता. तेली वाईट माणूस नव्हता. त्याने बैल थांबवला.

"आजी, या उन्हात?"

"आज अष्टमी ना रे?"

"नाही आजी. आजही सप्तमीच. या खेपेला दोन आल्यात. जोशीबुवांनी सकाळीच सांगितलं. माझी उद्या. उद्या सूर्य उगवायच्या आत तुमच्या दारात असतो, बघा."

धाकटीचा घसा सुकला होता. पण पाणी मागायला तिची जीभ वळेना. तेल्यालाही ते सुचले नाही.

ती सुतारणीच्या दाराशी गेली. सुतारीण सासऱ्याचे अंग पुसत होती.

"मावशी, माझं काल झालं," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "आज आले तर दर खेपेला दुसरी सप्तमी माझ्याच गळ्यात पडेल. माझ्या जागी कोण उभं राहणार? तुम्ही जोशीबुवांना विचारा."

जोशीबुवा ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "तिथी सांगणं माझं काम. आज सप्तमी, यात वाद नाही. घर कुणाचं, ते गावानं ठरवावं."

"गाव कुठं आहे?"

"शेतावर. संध्याकाळी पारावर येईल."

धाकटी परत निघाली. वाटेत दोनदा पडली.

"काय म्हणाला तेली?" थोरलीने विचारले. आवाज आता फार बारीक झाला होता.

"येतोय."

"मागितलं नाहीस ना काही?"

"नाही."

"बरं केलंस," थोरली म्हणाली. त्यानंतर ती काही बोलली नाही.

संध्याकाळी पारावर वाद झाला. दुसरी सप्तमी पहिल्या घराची की पुढच्या? एक म्हणे, तिथी ज्याची त्याची. दुसरा म्हणे, दिवस एकच ठरलाय. बाकीचे सात म्हातारे गावाच्या मध्यात राहत. त्यांना शेजारून भाकरतुकडा मिळाला होता, म्हणून कुणाला घाई वाटली नाही. अंधार पडला. "उद्या अष्टमी आहेच," असे म्हणत लोक उठले.

तेल्याने शब्द पाळला. सूर्य उगवायच्या आत भरलेली घागर आणि गरम भाकऱ्या घेऊन तो दारात उभा राहिला. धाकटी थोरलीच्या उशाशी बसली होती. तिचा हात थोरलीच्या कपाळावर होता.

"आजी, आणलंय बघा. दोघींचं."

"एकीचं ठेव," धाकटी म्हणाली. "गावाचं एक ताट कमी झालं."

गावात कुणी दोषी नव्हते. प्रत्येकाने आपापली तिथी पाळली होती. दिवसभर लोक एकमेकांना तेच सांगत राहिले. सुतारीण तेवढी कुणाशी बोलली नाही.

थोरलीचा मुलगा दहाव्या दिवशी पोचला. पारावर उभा राहून ओरडला, "माझी आई पाण्यावाचून गेली! पंधरा घरांत एक माणूस नव्हता?"

धाकटी काठी टेकत आली. तिने विचारले, "तुझी तिथी कोणती होती रे?"

मुलगा खाली बसला. 

तो रिकाम्या हाताने आला होता. तेराव्याचे धान्य गावाने काढले, न मागता. घरटी एक पायली. कुणी पंचांग पाहिले नाही, कुणी पाळी विचारली नाही. मोठ्या हंड्या चढल्या. पंगत बसली.

धाकटीला वास आला. तिने विचारले, "किती शिजवलंत?"

"पंधरा पायली," मुखिया हळू म्हणाला.

"म्हणजे त्या बाईचे दोन महिने," पंगतीच्या टोकाला बसलेला मेंढपाळ म्हणाला.

या वेळी कुणी हसले नाही. घास हातातच राहिले.

दुसऱ्या दिवशी गावाने वाडीतल्या बाईला बोलावून आणले. ती आधी शेवटच्या झोपडीत गेली. घागर भरली, भांडे भरून धाकटीच्या हातात दिले. धाकटी ते धरून बसून राहिली.

"आज तिथी कोणती, बाई?"

"मला नाही ठाऊक, आजी. मी रोजच येणार आहे."

तेव्हा धाकटी रडली. तेरा दिवसांत ती रडली नव्हती. बाईने पुष्कळ समजावले, पण पाणी ओठांपर्यंत गेले नाही. ते तिने तसेच शेजारच्या रिकाम्या अंथरुणापाशी ठेवले, आणि अंथरुणावरून हात फिरवत राहिली. पावसाळ्याआधी तीही गेली. बाई रोज येत होती, तरी गेली.

बोध: ज्या दिवशी कुणाचीच पाळी नसते, त्या दिवशीही म्हाताऱ्यांना तहान लागते, म्हणून तो दिवस सगळ्या गावाचा असतो.