रेशमाला सोसेल एवढेच आंबट

एकदा एक वृद्ध रंगारीण आपल्या शिष्येला रेशीम रंगवायला शिकवत होती. शिष्या रसायनशास्त्र शिकून आलेली, आणि वाट पाहण्याचा तिला मनस्वी कंटाळा. त्या दिवशी चुलीवरच्या पातेल्यात तिची स्वतःची पहिली लड होती, एका विणकराच्या लेकीच्या शालूसाठी. विणकर ओसरीवर बसून होता. "रंग उतरला तर पुढचं रेशीम दुसरीकडे," हे त्याने आल्या आल्याच सांगून टाकले होते.

पाणी लालभडक, लड मात्र फिकट गुलाबी. वृद्धा पळीने थोडे व्हिनेगर घाली, लड हलवी आणि थांबे.

"आजी, आंबटानेच रंग धरतो ना? मग फडताळातलं तेजाब ओता की. एका झटक्यात काम."

"सावकाश."

"सावकाश हे कारण नव्हे. कॉलेजातही हेच सांगायचे, 'पुढे कळेल.' कधी कळणार?"

विणकर उगाच खाकरला. वृद्धा उठली. तिने पांढऱ्या रेशमाची एक चांगली बट काढून थेट तेजाबाच्या वाटीत टाकली. शिष्या पाहतच राहिली; या घरात रेशमाचा तुकडाही कोणी वाया घालवत नसे. काही वेळाने वृद्धेने बट चिमट्याने काढून धुतली आणि तिच्यापुढे धरली.

"ओढ."

बट बोटांतच तुटून गेली.

"रेशीम म्हणजे प्रथिनाची साखळी, हे तूच मला सांगितलंस," वृद्धा म्हणाली. "थोडं आंबट मिळालं की कड्यांवर धन भार येतो. रंगाचा भार ऋण. म्हणून ते एकमेकांना धरतात. तेजाब तेवढ्यावर थांबत नाही, ते कडीपासून कडी सोडवतं. मग रंग राहतो, त्याला धरणारा धागा राहत नाही. आणि तू म्हणालीस ते खरं. सावकाश हे कारण नव्हे. कारण हे आहे."

शिष्येने पळी हातात घेतली. थोडे घातले, हलवले, थांबली. पाणी निवळत गेले आणि लाली लडीत उतरली.

धुतलेली ओली लड विणकराने धोतराच्या पांढऱ्या सोग्यावर दाबून पाहिली. डाग पडला नाही. "पुढचं रेशीम कधी आणू?" त्याने विचारले, आणि विचारले ते शिष्येला.

धाकट्यांना थांबवायचे असेल, तर थोरांनी का ते सांगावे. मग थांबणे जड जात नाही.