आधी वाट फुग्याला

माळावरच्या विमानशाळेत वैजयंता तांडेलचं एकटीचं पहिलं उड्डाण अध्यक्ष भाऊसाहेबांच्या सहीवाचून अडलं होतं. भाऊसाहेब आले तेच दारात तिला खांद्यानं ढकलून. ती मुकाट बाजूला झाली.

"पोरी, आभाळात आधी वाट कोणाला? मोठ्याला ना?"

"नाही. विमानानं गरम हवेच्या फुग्याला वाट द्यायची."

"फुग्याला एवढा मान?"

"मान कसला, भाऊसाहेब! त्याच्यात नुसती हवा, स्वतःहून वळता येत नाही. म्हणून आपणच बाजूला व्हायचं. मघाशी दारात मी तेच केलं."

भाऊसाहेब आधी फुगले, मग खदखदून हसले आणि सही केली.

वैजयंता शिक्षक गावितसरांच्या पाया पडली. "सर, आभाळाचा नियम तुम्ही शिकवलात, म्हणून जमिनीवर तरले."

दारात भाऊसाहेब थांबले. "आधी तू जा, पोरी. मला आता वळता येतं."