न शिकता केलेलं खोगीर

राजा विक्रमभानूनं घोडे विकून उंट घेतले आणि भिवाजी जिनगराचा धंदाच बसला! जन्मभर त्यानं घोड्यांची खोगिरं शिवली होती. उंटाचं खोगीर शिकावं म्हणून तो राजाच्या कारखान्यात गेला, तर त्याला दारावरूनच हाकललं. राजाची आज्ञा होती : पंचविशी उलटलेल्याला कुणी काही शिकवायचं नाही. शिकवील त्याला फटके!

भिवाजी होता साठीचा. त्याची लेक साळू त्याला ओढतच दरबारात घेऊन गेली.

"महाराज, आबांना शिकू द्या. नाहीतर आम्ही खायचं काय?"

"म्हातारपणी कसलं शिकणं?" राजा म्हणाला. "खरा कारागीर असेल तर न शिकताच करील! परवा उंटाचं खोगीर आणा. नाहीतर दुकानाला टाळं!"

भिवाजी मनातच मापं घेऊ लागला. उंटाच्या पाठीवर तर डोंगर!

"आणू, महाराज," साळू म्हणाली. "पण करणारा न शिकता करणार, तर बसणाऱ्यानंही न शिकताच बसावं. पहिला मान आपला."

राजा म्हणाला, "अगं, घोड्यावर जन्म गेला आमचा! उंट म्हणजे लांब मानेचा घोडाच की!"

भिवाजीनं जुनं खोगीर उसवलं, मध्ये भोक पाडलं, शिवलं, पुन्हा उसवलं. "पोरी, हे घसरणार गं."

"घसरू दे, आबा. पट्टे मात्र घट्ट ठेवा. महाराज पडता कामा नयेत."

ठरल्या दिवशी बसलेल्या उंटावर राजा ऐटीत चढला. उंट आधी मागच्या पायांवर उठला. राजानं थेट त्याच्या मानेला मिठी मारली! मग पुढचे पाय उठले, तसा राजा मागे आपटला. उंट निघाला बाभळीचा पाला खायला.

"अरे, काटे! थांबवा याला! काय म्हणायचं असतं याला?"

उंटवाला हात जोडून लांबच उभा. "आपली पंचविशी कधीच उलटली, महाराज. सांगितलं तर शिकवल्यासारखं होईल. मला फटके बसतील."

"मी राजा आहे!"

"आज्ञाही राजाचीच आहे."

"महाराज खरे स्वार आहेत," साळू म्हणाली. "न शिकताच थांबवतील!"

तेवढ्यात पगडी फांदीला लटकली.

"आज्ञा रद्द! ज्याला हवं त्यानं, हव्या त्या वयात शिकावं! धर रे बाबा!"

उंटवाल्यानं वेसण धरली. राजानं दम घेतला, लटकत्या पगडीकडे पाहिलं आणि खदखदून हसला.

"जिंकलीस, पोरी! आमच्या सगळ्या उंटांची खोगिरं भिवाजीच करील. शिकेपर्यंत घरखर्च आमचा. उद्यापासून कारखान्यात पहिला विद्यार्थी तोच!"

"दुसरा, महाराज," साळू म्हणाली. "पहिले आपण. आपल्याला अजून खाली उतरायचंय!"

राजा इतका हसला, की त्याला पुन्हा उंटाच्या मानेला मिठी मारावी लागली.