वाळूत जिरणारी नदी

“आणि ही कुठं जाते?”

मठातल्या गैबीनाथांनी नकाशावर बोट टेकवलं. नखात धुनीची राख होती. मुकुंदशास्त्र्यांनी नकाशाची कड सावरून धरली. तो नकाशा त्यांनी आठ महिने खपून रंगवला होता.

“ही तारीम, महाराज. बर्फाच्या डोंगरांत उगम, मग पूर्वेला वाहते.”

“कुठं जाते, विचारलं.”

“कुठंच नाही. वाळूत जिरते.”

मागं, मठाच्या खांबाला टेकून, शास्त्र्यांची बायको द्वारका बसली होती. आशिया खंडाच्या भूरचनेवरचा हा ग्रंथ शास्त्र्यांनी तोंडानं सांगितला होता आणि तिनं हातानं उतरवला होता. गावात मात्र तो शास्त्र्यांनी लिहिला म्हणत.

सगळं खंड तिला पाठ होतं. उत्तरेची सपाटी, जिथं दोन हात खणलं की उन्हाळ्यातही जमीन गोठलेली लागते. तिच्या दक्षिणेला सूचीपर्णी झाडांचं न संपणारं अरण्य. मग गवताचा माळ. मग चहूकडून डोंगरांनी कोंडलेलं कोरडं पठार, जिथवर समुद्राचा ढग पोचतच नाही. आणि डोंगरांच्या अलीकडे आपण, पाऊसवाले. लिहिता लिहिता चुलीवरचा भात उतू गेला की सासूबाई म्हणायच्या, “गेली वाटतं सैबेरियात.”

“नद्यांचे मी दोन वर्ग केलेत,” शास्त्री सांगत होते. “समुद्राला मिळतात त्या सफळ. आतल्या आत जिरतात त्या…”

“थांब.” नाथ पानं उलटत होते. “इथं शाई संपली होती का?”

शास्त्री वाकले. ‘तारीम ही’ असं लिहून मध्ये कोरी जागा, आणि पुढं ‘नदी होय’. दुसऱ्या पानावर तेच. अकरा ठिकाणी तेच.

शास्त्र्यांचे कान लाल झाले. “अगं, हे काय? शब्द सांगितला होता मी.”

“सांगितला होता.”

“मग?”

“उतरला नाही.”

“अकरा वेळा?”

“अकराही वेळा.”

तिचा आवाज सपाट होता.

“कोणता शब्द, शास्त्री?” नाथांनी विचारलं.

“वांझ.” शास्त्र्यांनी घसा साफ केला. “शास्त्रीय संज्ञा आहे, महाराज.”

“कुणाची?”

“माझीच.”

नाथ उठले. म्हातारा माणूस, पण उठला तसा मठ लहान वाटायला लागला.

“मी त्या काठानं चाललोय. उंटांच्या तांड्याबरोबर, पायी. तू?”

“मी… ग्रंथांवरून.”

“तिथं ढग फिरकत नाही. तरी खरबुजं होतात. तुती होते. गावंच्या गावं हिरवी आहेत. कुणाच्या जिवावर रे?”

शास्त्री घाईघाईनं बोलले. “शब्द बदलतो, महाराज. एका शब्दाचं काय एवढं! मी आलो ते दुसऱ्याच कामाला. चार वर्षं झाली लग्नाला, घरात पाळणा नाही. आईनं वाईची मुलगी बघून ठेवलीय. आपण हो म्हटलंत की मुहूर्त काढायचा. हिची काही हरकत नाही.”

द्वारकेला हे नवीन होतं. म्हणजे मुलगी नवीन नव्हती. शेजारच्या काकूंनी तिच्या नाकापर्यंत सगळं वर्णन करून सांगितलं होतं. हरकत नाही, हे नवीन होतं.

“वैद्याकडे कोण गेलं होतं?” नाथांनी विचारलं.

“ही. दोनदा. काढे घेतले, सोमवार धरले, पिंपळाला फेऱ्या घातल्या. काही बाकी ठेवलं नाही आम्ही.”

“आणि तू गेलास?”

“मी?” शास्त्री हसले. खरोखर हसले. “मी कशाला जाऊ?”

नाथांनी तिच्याकडे पाहिलं. “मुली, तुझी हरकत नाही?”

तिनं मनात ‘हरकत नाही’ म्हणून पाहिलं. चार वर्षांची सवय होती, तसं म्हणणं सोपं होतं.

“आहे,” ती म्हणाली. स्वतःच्याच आवाजानं दचकली. पण आता निघालंच होतं. “आहे. माझ्यासाठी आहे, आणि वाईच्या त्या मुलीसाठीही आहे.”

“महाराजांपुढं तोंड वर करून बोलतेस?” शास्त्री उठून ओरडले. “ऊठ! चल घरी, मग बघतो!”

नाथांनी धुनीचा चिमटा फरशीवर आपटला. खण्णकन आवाज झाला.

“खाली बस.”

द्वारका बसलेलीच होती. शास्त्री बसले.

नाथांनी दौत पुढं सरकवली, बोरू शास्त्र्यांच्या हातात दिला. “अकरा जागा कोऱ्या आहेत. तुझा शब्द, तुझा हात. भर. तिच्यासमोर.”

शास्त्र्यांनी रागानं बोरू बुडवला. पहिल्या जागेत शब्द भरला. दुसऱ्या जागेत भरला. तिसऱ्या जागेशी त्यांची नजर उगाच वर गेली. द्वारका बघत होती. पदर सरकला होता, तो तिनं सावरला नव्हता. असं तिनं चार वर्षांत कधी बघितलं नव्हतं त्यांच्याकडे.

बोरूच्या टोकाला शाई जमली, फुगली, आणि पानावर पडली.

शास्त्र्यांनी बोरू भिरकावला. तो खांबाला लागून मोडला.

“सरळ सांगा ना, महाराज! नदीचं बोलताय, की माझ्या घरचं?”

नाथ नकाशावर वाकले. तारीम जिथं संपत होती, त्या वाळूच्या पिवळ्या डागावर त्यांनी आपला काळा पंजा पसरून ठेवला.

“नदीला नाव ठेवलंस, शास्त्री… तिला जिरवणाऱ्या वाळूला काय नाव ठेवलंस?”